सतराव्या पानावरचे भोक

मी एक जुने भिंग आहे. पितळी कडे, शिसवी मूठ, आणि काचेच्या एका बाजूला उडालेला लहानसा टवका. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी फार भित्रा आहे. हसू नका. तुम्हाला मुंगी दिसते तेव्हा नुसती मुंगी दिसते. मला तिच्या तोंडातले चिमटे दिसतात. लोक एखाद्याला नावे ठेवतात, की तो राईचा पर्वत करतो. माझे तर कामच ते. ज्याला जन्मभर सगळे मोठे करूनच बघायचे आहे, तो धीट कसा होणार?

माझी पहिली आठवणसुद्धा भीतीचीच आहे. एक गरगर फिरणारे चाक माझ्या अंगाला लागत होते. कडा झिजत होती आणि पोट फुगीर होत होते. मला वाटले, मी संपलो. पण चाक थांबले, कुणीतरी मला पितळेच्या कड्यात बसवले, मूठ लावली, आणि मी परळच्या एका कापडगिरणीत कामाला लागलो.

तिथे कापड तपासायच्या टेबलावर आबा मला हातात धरत. आबा कोकणातले, तळहात मोठा आणि कोरडा. उजेडात पांढरे कापड पसरायचे आणि माझ्यातून ते इंच इंच बघायचे. धागा तुटला आहे का, गाठ राहिली आहे का, वीण विरळ झाली आहे का. एखादे भोक सापडले की आबा तिथे खडूने गोल करत आणि शेजारच्याला म्हणत, "भोक वेळेवर दिसायला पाहिजे रे. उशिरा दिसलं की अख्ख्या ताग्याची वाट." मी ते वाक्य रोज ऐकत असे. त्याचा अर्थ मला फार पुढे कळला.

गिरणी बंद झाली. साहेबाने सांगितले, ज्याला जे हवे ते घेऊन जा. कुणी खुर्ची नेली, कुणी पंखा. आबांनी मला रुमालात गुंडाळले. मग आम्ही बोरिवलीच्या एका लहान घरात राहायला आलो आणि माझे सोपे दिवस सुरू झाले. बोटात शिरलेले कुसळ काढणे, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचणे, आबांची मुलगी मानसी शाळेतून फुलपाखराचा पंख घेऊन आली की तो तिला दाखवणे. मधली कितीतरी वर्षे मी कपाटाच्या खणात अंधारात पडून होतो. तिथे मला भीती वाटत नसे. अंधारात मोठे काही दिसत नाही.

आबा गेले, त्यानंतर एके दिवशी खण उघडला. आबांच्या पत्नीने, जानकीबाईंनी, मला बाहेर काढले, पदराने पुसले आणि म्हणाल्या, "चल, आता माझ्याकडे काम कर."

जानकीबाईंचे काम म्हणजे वाचणे.

आमच्या घरापासून जवळच एका सोसायटीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे. दोन खोल्या, दाराबाहेर चपला, पश्चिमेच्या खिडकीशी एक लांब टेबल. शनिवारी दुपारी त्या टेबलाशी मंडळी जमत आणि एकमेकांना पुस्तके सुचवत. सुचवत म्हणजे भांडत. एका बाजूला धोंडूकाका. तेही गिरणीतले, आबांच्या ओळखीचे. त्यांना फक्त ऐतिहासिक कादंबरी लागे. ज्या पुस्तकात घोडा नाही, ते त्यांच्या मते पुस्तकच नव्हे. दुसऱ्या बाजूला कल्पिता. ती मनोरीची, कोळ्यांची मुलगी, बोरिवलीतल्या एका दवाखान्यात कामाला. शनिवारी काम लवकर सुटले की गोराईची होडी पकडण्याआधी ती पुस्तक बदलायला येई. तिला जादू, यक्ष, बोलणारे समुद्र, उडणारी गावे असले अद्भुत काही लागे.

"हे घे कल्पिता," धोंडूकाका पुस्तक पुढे सरकवत. "पयल्याच पानार किल्लो पडता."

"काका, तुमच्या पुस्तकात किल्ला पडतो, मग परत घेतात, मग परत पडतो. माझ्या पुस्तकात बघा, किल्लाच उडतो."

"उडणारो किल्लो? आणि त्याका म्युनसिपालटीची ओसी कोण देतलो?"

मग सगळे हसत, आणि काउंटरवरून प्रेमाताई म्हणत, "हळू रे बाबांनो, ही लायब्ररी आहे, मच्छी मार्केट नाही." त्यावर कल्पिता म्हणे, "मार्केटमध्ये एवढा आवाज केला तर माझी आई हाकलून देईल."

जानकीबाई मधोमध बसत. त्या दोन्ही वाचत, इतिहासही आणि जादूही, आणि दोन्ही बाजूंचा निकाल त्यांच्याकडे येई. निकाल देण्याची त्यांची रीत न्यारी होती. मित्रांनो, वाचनालयातली जुनी माणसे एक गंमत करतात, तुम्हाला ठाऊक आहे का? आपण हे पुस्तक वाचले आहे की नाही हे विसरायला होते, म्हणून ती आपल्या ठरलेल्या पानावर पेन्सिलीने एक बारीक खूण करून ठेवतात. धोंडूकाकांची खूण पन्नासाव्या पानावर, लहानसा त्रिशूळ. जानकीबाईंची सतराव्या पानावर, आकड्याच्या खाली. एक ठिपका म्हणजे वाचले. दोन ठिपके म्हणजे आवडले. पुस्तक संपल्याशिवाय ठिपका द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. प्रेमाताई कुरकुरत, "पुस्तकात लिहू नये ही पाटी मी काय भिंत झाकायला लावलीय?" पण स्वतःसाठी पुस्तक निवडताना त्याही आधी सतरावे पान उघडून बघत. नवे सभासद आले की त्यांनाही कुणीतरी सांगेच, "जानकीबाईंचे दोन ठिपके असले की डोळे मिटून घ्या."

ती माझी सगळ्यांत चांगली वर्षे. चांगली आणि सगळ्यांत भीतीची. कारण मला एका वेळी चारच शब्द दिसत. 'तेवढ्यात हत्ती उधळला आणि' एवढे दिसे आणि पुढे काय ते जानकीबाईंच्या हातावर. 'तिच्या मागे कुणीतरी उभे' एवढ्यावर त्या मला ठेवून कल्पिताशी बोलायला लागत, आणि मी तिथे, त्या कुणीतरीच्या समोर, एकटा. काचेला पापणी नसते. मिटून घ्यायची सोय नाही.

पण खरी भीती पुस्तकातली नव्हती. ती हळूच आली.

आधी जानकीबाई मला फार पुसू लागल्या. पदराने पुसायच्या, फुंकर मारायच्या, पुन्हा पुसायच्या. मला वाटले, मीच धुरकट झालो. मग त्या मला पानाच्या जवळ नेत, लांब नेत, तिरपे धरत. मग चष्मा बदलून आला. तरी तेच. मग एका शनिवारी माझ्या लक्षात आले, की मी मघापासून त्याच चार शब्दांवर आहे. पान उलटत नव्हते. धोंडूकाका बोलता बोलता इकडे वळले की जानकीबाई पटकन पान उलटत. ते पुन्हा तिकडे वळले की हात थांबे.

हे फक्त मला माहीत होते. मी त्या पानाला चिकटून होतो ना. आणि मला सांगता येत नव्हते.

घरी मानसी होती. पण मानसी सकाळी अंधेरीच्या ऑफिसला जाई ती दिवे लागल्यावर येई. आल्यावर दारातूनच विचारी, "काय वाचतेयस?" आई पुस्तकाचे नाव सांगे. मानसी म्हणे, "मस्त," आणि कुकर लावायला जाई. आईच्या मांडीवर पुस्तक असणे ही त्या घरातली इतकी जुनी गोष्ट होती, की भिंतीवरच्या घड्याळासारखी ती चालू आहे की बंद पडली आहे हे कुणी थांबून बघत नव्हते.

वाचनालयातही कुणाला कळले नाही. जानकीबाई पुस्तके नेत आणि परत आणत. फक्त सतराव्या पानांवर नवे ठिपके पडेनासे झाले. "हल्ली मनासारखं मिळत नाही," असे त्या सांगत आणि लोकांना ते पटे, कारण हल्ली मनासारखे मिळत नाही हे सगळ्यांनाच वाटत असते.

मग ती दुपार आली. तिची आठवण झाली की अजून माझी काच गार पडते.

नवी कादंबरी आली होती, 'खाडीखालचे दार'. फिरंग्यांच्या काळातली वसई, खाडीकाठी दिवे लावणारी एक मुलगी, आणि ओहोटीच्या वेळी पाण्याखाली उघडणारे एक दार. इतिहास म्हणावा तर जादू होती, जादू म्हणावी तर तारखा होत्या. प्रेमाताईंनी ती टेबलावर आणून ठेवली. मंडळी अजून जमली नव्हती. जानकीबाईंनी सवयीने सतरावे पान उघडले, मला त्यावर धरले, पुढेमागे केले. मग एक उसासा टाकला, मला शेजारच्या पुस्तकांच्या चळतीला तिरपे टेकवून ठेवले आणि काउंटरवर चहा घ्यायला गेल्या.

ऊन छज्ज्याच्या खाली उतरले. खिडकीतून आत आले. माझ्या पोटात शिरले.

मित्रांनो, मी ऊन मोठे करत नाही. ऊन मी लहान करतो, आणि ते जास्त भयंकर आहे. अख्ख्या खिडकीभर उजेड माझ्यातून जाऊन एका टाचणीच्या डोक्याएवढा झाला आणि पानावर उभा राहिला. मला हलता येईना. त्याच्याखाली एक शब्द होता. तो शब्द पिवळा झाला, तपकिरी झाला, मग त्याच्या मध्यातून धुराची एक बारीक रेघ निघाली. आता पान पेटणार, मग चळत, मग कपाटे, मग सगळे, असे मला वाटले. पर्वत करण्याची सवय, दुसरे काय.

जानकीबाई वासाने धावत आल्या. त्यांनी पानावर तळहात दाबला. हात भाजला असणार, पण तोंडातून आवाज काढला नाही. दोन्ही बाजूंना मान वळवून कुणी बघत नाही ना याचा अंदाज घेतला, पुस्तक मिटले आणि मांडणीत ठेवून दिले. मला पिशवीत घातले. "दिसलं नाही का हो ताई, एवढा धूर निघाला तरी?" असे कुणी विचारले असते तर? त्या प्रश्नाला त्या आगीपेक्षा जास्त घाबरत होत्या.

पुढच्या शनिवारी धोंडूकाकांनी नेमके तेच पुस्तक काढले. सतरावे पान उघडले आणि ओरडले, "वैनी! अगो ह्या काय? ठिपको देताना पेन्सिल आरपार घातलास?"

कल्पिता धावली. भोक मसुराच्या दाण्याएवढे होते, कडेने तपकिरी. "मावशी! एक ठिपका म्हणजे वाचलं, दोन म्हणजे आवडलं, आणि हे काय? जाळच?"

जानकीबाई बारीकसे हसल्या. "पुस्तक तसंच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते पुस्तक वाचले नव्हते, मित्रांनो. एक ओळसुद्धा नाही. पण इतक्या दिवसांनी टेबलाभोवती सगळे त्यांच्या खुणेने आनंदले होते, आणि नाही म्हणायला त्यांची जीभच वळली नाही.

मग जे झाले ते त्या वाचनालयात कधी झाले नव्हते. एकच पुस्तक धोंडूकाकांनी वाचले आणि कल्पितानेही वाचले. दोघांनाही आवडले. आणि दोघेही त्या भोकावर येऊन अडले. कारण भोक पडले होते ते नेमके कुठे? ओहोटीला दार उघडते, मुलगी दिवा घेऊन पुढे होते, आणि दारावरचा म्हातारा पहारेकरी तिला सांगतो, 'या दारातून जाणाऱ्याने आपली' आणि मग भोक, आणि भोकापलीकडे 'इथेच ठेवावी.' बस. पुढच्या सगळ्या पानांत पहारेकरी नुसते म्हणतो, 'ठेवलीस ना?' आणि मुलगी म्हणते, 'ठेवली.' काय ठेवली, ते लेखकाने पुन्हा म्हणून सांगितलेले नाही.

"'आपली' आहे," कल्पिता म्हणाली. "म्हणजे शब्द स्त्रीलिंगी."

"तलवार!" धोंडूकाकांनी टेबलावर हात मारला. "शिपायाक आत सोडूचो तर पयली तलवार काढून घेतत."

"तिच्याकडे दिवा आहे काका, तलवार कुठून आली? आणि एवढ्याशा भोकात तलवार मावेल तरी का?"

"म्यानात घातली की मावता!"

"सावली असणार. जादूच्या दारात माणसाची सावली ठेवून घेतात."

"सावली घेवन तो काय करतलो? दुपारी बाराक तिचो पत्तो नसता."

काउंटरवरून प्रेमाताई म्हणाल्या, "जीभ असेल. तुम्हा दोघांची ठेवून घ्यायला हवी." दुसऱ्या वाचनालयातून दुसरी प्रत मागवून बघता आली असती. पण ते कुणी मनावर घेतले नाही, कारण सगळ्यांना वाटत होते, की उत्तर टेबलाशीच बसले आहे.

"जानकीताईंनी भोक पडायच्या आधी वाचलंय की," प्रेमाताई म्हणाल्या. "त्यांनाच विचारा."

सगळे जानकीबाईंकडे वळले. मी त्यांच्या मुठीत होतो. त्यांनी मला पदराने पुसायला घेतले.

"असं कसं लगेच सांगू?" त्या म्हणाल्या. "पुस्तक घरी नेते, एकदा ताडून बघते. पुढच्या शनिवारी सांगते."

तो आठवडा मी विसरणार नाही. मानसी ऑफिसला गेली की जानकीबाई खिडकीशी बसत आणि मला एकेका अक्षरावर ठेवत. कडेने बघितले की एखादा काना दिसे, एखादी वेलांटी दिसे. सरळ बघितले की काहीच नाही. एका ओळीला चहा गार होई. त्या मला खाली ठेवत, डोळे मिटून बसत आणि पुन्हा उचलत. त्यांना आंधळे होण्याची भीती होतीच. पण मला वाटते, त्याहून मोठी भीती वेगळी होती. टेबलाच्या मधल्या खुर्चीवर बसलेली, दोन ठिपके देणारी जानकी जर नसेल, तर त्या घरात कोण उरते?

शुक्रवारी मानसी लवकर आली. ऑफिसात वीज गेली होती. आई खिडकीशी, मांडीवर पुस्तक, पुस्तकावर मी. मानसीने चहाचा कप ठेवायला वाकून बघितले आणि म्हणाली, "आई, हे भोक कुणी पाडलं? लायब्ररीचं पुस्तक आहे ना?"

"पाडलं नाही गो, पडलं. एवढंसं तर आहे कोपऱ्यात."

"कोपऱ्यात कुठे? हे काय, मधोमध."

जानकीबाईंनी बोट पुढे केले आणि त्या ते पानावर फिरवू लागल्या. डावीकडे, वर, समासात. बोट भोकाच्या शेजारून गेले, पुन्हा शेजारून गेले. भोक त्यांच्या समोर होते आणि त्यांना सापडत नव्हते.

मानसी हातातला कप तसाच धरून उभी होती.

"आई, कुठे बघतेयस तू?"

"बघतेच आहे."

"आई."

मग जानकीबाईंनी मला बाजूला ठेवले. अगदी हळू ठेवले. "मला सगळ्याच पानांत भोक दिसतं गो," त्या म्हणाल्या. "मधोमध. काळं नाही, नुसतं काहीच नाही. हे खरं भोक त्यातच गेलं असणार."

"कधीपासून?"

"झाले की दिवस."

"आणि मी? माझा चेहरा दिसतो तुला?"

जानकीबाईंनी मान थोडी तिरपी केली, मला तिरपे धरत तशी. "कडेकडेनं दिसतेस. केस दिसतात. कानातलं हलतं ते दिसतं. मधलं नाही दिसत." मग म्हणाल्या, "मधलं मला पाठ आहे."

मानसी खाली बसली. तिने आईच्या गुडघ्यावर डोके ठेवले. टेबलावरून मला तिच्या गालावरचे पाणी दिसत होते, आणि मला ते मोठेच दिसते, त्याला माझा इलाज नाही. आबांचे वाक्य तेव्हा मला कळले. भोक वेळेवर दिसायला पाहिजे.

डॉक्टरांकडे जाणे झाले. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला होता. गेले ते परत येणार नाही, इंजेक्शने घेऊन राहिलेले टिकवायचा प्रयत्न करू, कडेचा उजेड बहुतेक राहील, असे ते म्हणाले. आधी आला असतात तर, हे वाक्य त्यांनी अर्धेच सोडले. मानसीने ते पुरे ऐकले.

पण त्याआधी, त्याच शुक्रवारी, मानसीने गार झालेला चहा बाजूला सारला आणि 'खाडीखालचे दार' पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला घेतले. ती भरभर वाचे. आई म्हणे, "हळू. घोडा आहे का तू?" सतरावे पान आले. मानसी वाचता वाचता भोकापाशी थांबली. 'या दारातून जाणाऱ्याने आपली...'

"काय असेल गं आई?"

आईने मानसीकडून आपले बोट त्या भोकावर ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी मानसी तिला हाताला धरून वाचनालयात घेऊन गेली. मी पिशवीत होतो. टेबलाशी सगळे जमले होते.

"सांग वैनी," धोंडूकाका म्हणाले. "तलवार का सावली?"

"आधी दुसरं सांगते," जानकीबाई म्हणाल्या. "ते पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. ते भोक माझं नाही, उन्हाचं आहे. भिंग ठेवून मी चहाला गेले आणि मला धूरसुद्धा दिसला नाही. मला आता वाचता येत नाही. बरेच दिवस येत नाही."

कल्पिताने तोंडावर हात धरला. मला वाटले, आता सगळे उठून जातील. माझी जन्माची खोड, वाईट तेच मोठे दिसते.

धोंडूकाकांनी घसा साफ केला. एकदा, दोनदा. मग म्हणाले, "म्हंजे उन्हाक सुदीक पुस्तक आवडला म्हणूचा."

आधी कल्पिता हसली, मग प्रेमाताई, आणि मग जानकीबाई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले.

"आणि शब्द?" कल्पिताने विचारले. "तुम्हाला काय वाटतं मावशी?"

"भीती," जानकीबाई म्हणाल्या. "या दारातून जाणाऱ्याने आपली भीती इथेच ठेवावी. माझी मी आत्ता ठेवली."

यावर धोंडूकाकाही भांडले नाहीत.

त्यानंतर टेबलाची रीत बदलली. पुस्तक सुचवायचे असेल तर त्यातले पानभर मोठ्याने वाचून दाखवायचे. धोंडूकाका लढाई वाचत तेव्हा प्रेमाताईंना काउंटर सोडून यावे लागे. कल्पिता यक्षिणीचा आवाज काढी. घरी मानसी रोज संध्याकाळी 'खाडीखालचे दार' पुढे नेई, थोडे थोडे, कारण दोघींनाही ते संपायला नको होते. मला काम नव्हते. मी उशाशी पडून ऐकत असे. जानकीबाई म्हणत, "संपलं की ठिपके तू दे गो. मला आकडा सापडणार नाही."

शेवटचे प्रकरण राहिले होते. जानकीबाई दुपारी जरा पडते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत.

मित्रांनो, त्या दिवसाचे मी काही मोठे करून सांगणार नाही. त्या दिवशी मला कुणी उचलले नाही, आणि मी काही बघितले नाही.

मग पुन्हा खण. पण आता अंधारातही भीती वाटू लागली. माझ्या शेजारी ते पुस्तक होते आणि मानसी ते उघडत नव्हती. वाचले तर संपेल. न वाचले तर आईचा ठिपका राहील. ती खण उघडी, आम्हा दोघांकडे बघे आणि खण लावून घेई. प्रेमाताईंचा एकदा फोन आला. पुस्तकाबद्दल त्यांनी विचारलेच नाही. "शनिवारी ये गं," एवढेच म्हणाल्या. "धोंडूकाका शेवट कुणाला सांगू देत नाहीत. म्हणतात, वैनीचा ऐकूचा ऱ्हवला हा."

एका शनिवारी मानसी आम्हाला घेऊन गेली. वाचनालयाच्या दारात चपला काढताना ती थबकली. बराच वेळ खाली बघत राहिली. मग आत आली. मधली खुर्ची मोकळी होती. ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि शेवटचे प्रकरण मोठ्याने वाचू लागली. सुरुवातीला ती भरभर वाचत सुटली. कल्पिता म्हणाली, "हळू वाच, मला आज होडीची घाई नाही." धोंडूकाका खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मुलगी दारातून गेली, पलीकडे पोहोचली, तिने दिवा लावला. पुस्तक संपले.

मानसीने सतरावे पान उघडले. मला आकड्यावर धरले. पहिल्यांदाच देत होती, म्हणून ठिपके जरा वाकडे आले. पण दोन आले.

आता एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. जळण्याआधी तो शब्द पाहणारा मी एकटाच. तो तलवार नव्हता, सावली नव्हता आणि भीतीही नव्हता. तो होता 'वहाण'. या दारातून जाणाऱ्याने आपली वहाण इथेच ठेवावी. एवढेच. देवळात सांगतात तसे. त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला बहुधा दार झाडावे लागत असेल.

मला पूर्वी याचे हसू येई. आता येत नाही. कारण आमच्या घराच्या दाराबाहेर जानकीबाईंच्या चपला अजून तशाच आहेत, भिंतीशी जोडून ठेवलेल्या. मानसी रोज त्यांच्यावरची धूळ पुसते आणि ऑफिसला जाते. मला वाटते, त्या भोकात 'वहाण' आणि 'भीती' हे दोन्ही शब्द बरोबर होते.

सध्या मी वाचनालयाच्या त्या लांब टेबलावर असतो, एका कापडी पिशवीत. मानसीनेच मला तिथे दिले. ज्याला अक्षर दिसत नाही त्याने मला घ्यावे. फक्त मित्रांनो, काम झाले की मला पिशवीत घाला, खिडकीशी उघडा टाकू नका. उन्हाची भीती माझी अजून गेलेली नाही.

आणि आणखी एक. तुमच्या घरात कुणी मांडीवर पुस्तक घेऊन बसत असेल, तर दारातूनच 'काय वाचतेयस' असे विचारून आत जाऊ नका. जरा टेका. पान उलटतेय का ते बघा. उलटत नसेल, तर त्यांच्या शेजारी बसा आणि म्हणा, "दे इकडे, मी वाचतो. कुठपर्यंत आलो होतो आपण?"